शिशाच्या अक्षरांची दुसरी सावली

लेस्या फेडोरकच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तिला ती कधी हवीशीही वाटली नाही. फिल्म वाचायची तर उजेड मागून यावा लागतो. दुधी काचेच्या पेटीत दिवे लावायचे, वर फिल्म ठेवायची आणि भिंग घेऊन पाइपाच्या सांध्यात कुठं चीर, कुठं बुडबुडा राहिलाय ते बघत बसायचं. बाहेर उणे तीस असो की मोहरीसारख्या कनोलाची शेतं पिवळी झालेली असोत, तिच्या खोलीत ऋतू एकच. हीटर घरघरत राही, आणि दुपारी मालक ओरेस्ट दुत्का कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहून विचारी, "काय पोरी, आज किती वेल्डरांना रडवलंस?" कॅनडात एडमंटनच्या पूर्वेला, हायवेला लागून पत्र्याची एक शेड आणि तीन ट्रक, एवढीच ओरेस्टची कंपनी. लेस्या तिथली सुरक्षा अधिकारी. किरणांच्या बाबतीत काही वाकडं घडलं तर ते सरकारी खात्याला कळवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकाची होती, आणि प्रत्यक्ष फोन उचलण्याची तिची. इतक्या वर्षांत तो उचलायची वेळ कधी आली नव्हती.

काम तसं सरळ होतं. पाइपाच्या एका अंगाला फिल्म बांधायची, दुसऱ्या अंगाला नळीचं टोक. लांब उभं राहून हँडल फिरवलं की जड धातूच्या डब्यातून किरणोत्सारी इरिडियमची कॅप्सूल, करंगळीच्या नखाएवढी, नळीतून सरकत पाइपाशी येते, आणि तिचे किरण पोलाद भेदून फिल्मवर उतरतात. डब्याला सगळे कॅमेरा म्हणत. सांध्याचा नंबर आणि तारीख फिल्मवर यावी म्हणून पाइपावर शिशाची छोटी अक्षरं चिकटवत. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे अक्षरांची पांढरी सावली उमटते. दिवा एक, तर सावली एक. या धंद्यात याहून मोठं ज्ञान नाही, बाकी सगळी सावधगिरी.

ती सावधगिरी लेस्याला शिकवली नेस्टर हावरिलकनं. नेस्टर तिचा सख्खा मामा. बाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवली, आणि शाळा संपल्यावर हाताला धरून ओरेस्टकडे आणून बसवली. मामा इतका उंच की गावच्या जुन्या चर्चच्या दारातून वाकून आत जायचा, आणि दर रविवारी बाहेर पडताना डोकं आपटून घ्यायचा. उभी हयात त्यानं पाइपलाइनीवर काढली होती.

आणि जुन्या माणसांच्या असतात तशा त्याच्या दोन खोडी होत्या. कडाक्याच्या थंडीत ती नळी काठीसारखी ताठ होते, वाकवली तर मोडेल असं वाटतं. म्हणून उत्तरेकडची माणसं एक सांधा झाला की नळी कॅमेऱ्यापासून सोडवतात, गुंडाळतात आणि जाड कोटाच्या आत छातीशी धरून पुढच्या सांध्यापर्यंत चालत जातात. अंगाच्या उबेनं ती मऊ पडते. नियमात हे कुठंच बसत नाही, पण हिवाळे काढलेल्या कुणालाही विचारा. दुसरी खोड म्हणजे किरण मोजायचा मीटर ट्रकमध्ये हीटरपुढं ठेवायचा, कारण बाहेर त्याची बॅटरी मान टाकते. एकेकटी खोड वर्षानुवर्षं खपून गेली होती. नोव्हेंबर सरता सरता, एका उजळ दुपारी, दोन्ही एकत्र आल्या.

जोडीदार डॅरिलनं हँडल पूर्ण फिरवलं आणि "आली आत!" म्हणून हाक दिली. कॅप्सूल ढकलणारी आणि ओढणारी केबल आत आली होती. तिच्या टोकाची कॅप्सूल मात्र सुटून नळीतच राहिली होती. मामानं नळी सोडवली, गुंडाळली, छातीशी धरली, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बर्फातून निघाला. वाटेत पाइपावर टेकून त्यानं थर्मासमधला चहा प्यायला, डॅरिलच्या सासूवरून चार विनोद केले. नंतर डॅरिल ट्रक घेऊन पुढं आला, त्यानं मीटर उचलला, आणि त्याचा काटा पार उजवीकडे जाऊन चिकटला होता.

लेस्या आणि ओरेस्ट लांब दांड्याचे चिमटे आणि शिशाच्या पिशव्या घेऊन धावले. कॅप्सूल डब्यात परत जाईपर्यंत उजेड उतरला होता. मामा दूर उभा राहून म्हणत होता, "सावकाश ग पोरी, घाई नाही." मग तो ट्रकच्या मागं गेला आणि ओकला.

"कालचा बिटाचा बोर्श्ट बाधला," तोंड पुसत तो म्हणाला.

शेडमध्ये आल्या आल्या लेस्यानं फोन पुढं ओढला.

"कुणाला लावतेस?" ओरेस्टनं विचारलं.

"खात्याला. कळल्याबरोबर कळवायचं असतं, ओरेस्टकाका. उद्या नाही, आज."

"कळलंय काय आपल्याला? किती लागलं ते कळलंय? छातीला लावायचा फिल्मचा बिल्ला धुऊन येऊ दे. किती किरण खाल्ले ते बिल्लाच सांगेल. उगाच शून्य निघाला तर? ऐन हिवाळ्यात कंपनीला कुलूप, आणि ही सगळी पोरं काय बर्फ खाणार?"

"मामा, तुझा बिल्ला कुठाय?"

मामानं कोटाच्या खिशावर हात ठेवला आणि तसाच राहिला. "घरी," तो म्हणाला. "दुसऱ्या कोटाला. गॅरेजमध्ये."

 मग मामानंच फोन हळूच तिच्या हाताखालून काढून बाजूला ठेवला.

"माझा गोठा जळाला तेव्हा यानं स्वतःचा ट्रक विकून मला गाई घेऊन दिल्या. याच्या पोटावर पाय देणार नाही मी. शब्द दे मला, पोरी."

तिनं शब्द दिला. घरी जाऊन पेन्सिलीनं हिशोब मांडला, किती वेळ, किती जवळ, केवढी कॅप्सूल. उत्तर आलं ते तिनं दुसऱ्यांदा तपासलं नाही. पुढं बिल्ल्याचा निकाल आला, शून्य. बिल्ल्याला काही दिसलंच नव्हतं, तो बिचारा खिळ्याला टांगून होता. ओरेस्टनं तो कागद तिला दाखवला आणि म्हणाला, "बघ. झालंच नाही काही." त्याचा आवाज मात्र बसलेला होता. ओरेस्ट दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर तिला फोन करणं सोपं गेलं असतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण इथं ती भिकेवर थांबणार नव्हती, आणि हे त्या खोलीत एकट्या लेस्याला नीट ठाऊक होतं.

डिसेंबर लागला आणि डॅरिलच्या ट्रकमधून नव्या फिल्म आल्या. मामा आता तापाचं निमित्त करून घरी होता, डॅरिल नवा जोडीदार घेऊन काम करत होता. लेस्यानं पहिली फिल्म काचेवर ठेवली आणि भिंग उचललं. सांधा चांगला होता. सांध्याशेजारी शिशाच्या अक्षरांची सावली नेहमीसारखी पांढरी, रेखीव. आणि तिच्या बाजूला तीच अक्षरं पुन्हा एकदा, फिकट, थोडी सरकलेली.

तिनं डॅरिलला फोन लावला. "एकच फिल्म दोनदा वापरलीस का रे?"

"वेडबिड लागलंय का तुला? दोनदा वापरली असती तर कोळशासारखी काळी नसती झाली?"

ते खरं होतं. ती पुन्हा फिल्मकडे वळली. अंगणात एक दिवा असेल तर कुंपणाच्या खांबाची सावली एक पडते. दोन पडल्या तर कुठं तरी दुसरा दिवा आहे. आणि सावली किती सरकली, किती पसरली यावरून तो दिवा कुठं आहे ते सातवीतलं पोरही काढील. तिनं पट्टी घेतली. दुसरा दिवा पाइपापासून बराच लांब, जिथं माणसांना अडवायला दोरी बांधतात त्या बाजूला, आणि जमिनीपासून उंचावर होता. एखाद्या खूप उंच माणसाच्या छातीइतका.

ती पट्टी खाली ठेवून कॉफी आणायला गेली. कॉफीत साखर घालायची राहिली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या फिल्मांतही ती सावली होती. तिनं फिल्मच्या पेट्या बदलल्या, रसायनं बदलली, दुसऱ्या ट्रकच्या फिल्म मागवून पाहिल्या. ज्या सांध्यांवर मामानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथंही अक्षरांना दोन सावल्या होत्या. एवढाच फरक की आठवड्याच्या सुरुवातीला दिवा दोरीपाशी होता, शेवटी तो दोरीच्या आत आला होता. उंची तीच राहिली. ओरेस्टला तिनं दाखवलं तेव्हा त्यानं फिल्म उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

"सांधा पास आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि त्यानंतर दुपारी कॉफी घेऊन तिच्या दारात यायचा बंद झाला.

जानेवारीत, युक्रेनी घरांत पाळतात त्या जुन्या पंचांगाप्रमाणे, नाताळची आदली संध्याकाळ आली. दरवर्षीप्रमाणे लेस्या मामाकडे गेली. ओल्गामामीनं टेबलाखाली गवत अंथरलं होतं, बारा पदार्थ मांडले होते, आणि मेलेल्यांसाठी एक रिकामं ताट, एक रिकामी खुर्ची ठेवली होती. त्या संध्याकाळी घरचे आत्मे जेवायला येतात, म्हणून बसण्याआधी खुर्चीवर हलकेच फुंकर घालायची, कुणी बसलं असेल तर त्यानं उठावं. मामी प्रत्येक खुर्चीवर फुंकर घालत टेबलाभोवती फिरत होती.

मामा निम्मा झाला होता. सगळे स्वेटरात असताना तो सदऱ्यावर बसला होता, आणि सदरा छातीला ओला चिकटला होता.

"बघ याच्याकडे," मामी म्हणाली. "गरम पाण्याची पिशवी छातीशी घेऊन झोपला आणि भाजून घेतलंन. म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीय. डॉक्टरकडे चल म्हटलं तर मलाच गप्प बसवतो."

लेस्यानं सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून पाहिलं. लाल डाग गोल होता, गुंडाळलेल्या नळीएवढा, आणि त्याच्या मधोमध कातडी काळपट पडली होती. तिनं मान खाली घातली आणि पिरोहीच्या उकडलेल्या करंजीचा घास मोडला. 

मामी रिकाम्या खुर्चीपाशी पोचली आणि तिनं ओठांचा चंबू केला.

"तिथं नको फुंकूस, ओल्गा," मामा म्हणाला. "तो उठायचा नाही."

"कोण?"

मामा हसला. "माझा बाप. दुसरा कोण? हट्टी होता." पण तो खुर्चीकडे बघत नव्हता, खुर्चीच्या मागं, दाराशी, स्वतःच्याच उंचीवर कुठं तरी बघत होता. मामीनं फुंकर घातली नाही.

त्यानंतर लेस्या स्वतः लाइनीवर गेली. तिला एक फिल्म अशी हवी होती जिच्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. डॅरिलला तिनं ट्रकमध्ये बसवलं. मीटर तिनं कोटाच्या आत गरम ठेवला होता, तो हातात घेतला. कॅप्सूल कुठं आहे, कुठं नाही, पावलोपावली तपासलं. पाइपावर अक्षरं तिनं लावली, हँडल तिनं फिरवलं, वेळ भरेपर्यंत हँडलपाशी उभी राहिली, आणि कॅप्सूल आत आल्यावर मीटर शून्यावर आलेला पाहून मगच पाइपाकडे गेली. वारा नव्हता. रात्री पडलेला बर्फ कोवळा होता, आणि त्याच्यावर तिच्या पावलांशिवाय एक खूण नव्हती.

फिल्म तिनं तिथंच ट्रकच्या मागच्या अंधाऱ्या कप्प्यात धुतली. सावल्या दोन होत्या. तिनं पट्टी लावली. मग डॅरिलची पट्टी मागून घेतली आणि तीही लावली.

दुसरा दिवा हँडलपाशी होता. ती उभी होती तिथं, तिच्या डाव्या खांद्याला लागून.

"काय झालं?" डॅरिलनं विचारलं. "तोंड असं काय झालंय तुझं?"

"थंडी," ती म्हणाली.

जानेवारीअखेर मामाला एडमंटनला हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी भाजल्याचे उपचार केले, मांडीची कातडी काढून छातीवर लावली. ती धरली नाही. पुन्हा लावली, पुन्हा गळून पडली. त्या तरुण बाईंनी लेस्याला बाजूला घेतलं. "गरम पाण्याच्या पिशवीनं हाडापर्यंत जखम जात नाही हो. यांना कशानं भाजलंय? काही माहीत असेल तर सांगा, मी अंधारात चाचपडतेय."

लेस्यानं काचेतून मामाकडे पाहिलं. त्यानं उशीवरूनच मान हलवली, नाही म्हणून.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती पुढं जन्मभर ऐकत राहणार होती, आणि बोलता बोलताच तिला ते कळलं होतं.

शेकोटीपाशी बसलेला माणूस शेकोटी होत नाही. किरण लागलेल्या माणसातून किरण निघत नाहीत. हे ती नव्या पोरांना शिकवत असे, आणि ते खरंच आहे. तरी तिनं काळ्या पाकिटात बंद केलेली एक फिल्म शिशाचं अक्षर लावून मामाच्या गादीखाली सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी आणून धुतली. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. मामात काही नव्हतं. ती खुर्चीत बसून रडली, कारण तोपर्यंत तिला कुठं तरी आशा होती की ते निदान त्याच्यापाशीच असेल.

तिच्यामागं फडताळात कोऱ्या फिल्मांची बंद पेटी होती. पेटीपुढं शिशाच्या अक्षरांचा ट्रे नेहमी असे. तिनं पेटी फोडली, वरची फिल्म काढली आणि धुतली.

ट्रेमधली सगळी अक्षरं फिल्मवर उतरली होती. मोठी, पसरट, एकमेकांत शिरलेली.

एवढी मोठी सावली पडायला दिवा फार जवळ लागतो.

तिनं पट्टी लावली. फडताळापासून हातभर. जमिनीपासून उंच.

फडताळ आणि तिची खुर्ची यांच्यामध्ये जागाच तेवढी होती.

हीटर घरघरत होता. टेबलावरच्या मीटरचा काटा शून्यावर होता, जरासुद्धा हलत नव्हता. काचेच्या पेटीच्या कडेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या वरची जागा दिसत नव्हती.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"सांगते," ती मोठ्यानं म्हणाली. "सांगते मी, थांब."

तिनं फोन ओढला. नंबर तिला पाठ होता.

पलीकडचा माणूस सौम्य आवाजात विचारत गेला. कंपनीचं नाव, परवान्याचा नंबर, कॅप्सूल केवढी, माणूस कोण, आता कुठं आहे. मग त्यानं विचारलं, "घडलं कधी?" तिनं सांगितलं. "आणि तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच संध्याकाळी."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळपर्यंत ती हॉस्पिटलात पोचली. डॉक्टरीणबाईंना खात्याचा फोन आधीच आला होता. त्या तिच्यावर ओरडल्या नाहीत. "नोव्हेंबरात सांगितलं असतं तर मी वेगळं काही तरी केलं असतं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा जागा होता. मामी खुर्चीत पेंगत होती.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं, मामा. शब्द मोडला मी."

"बरं केलंस." तो बराच वेळ श्वास घेत राहिला. "मी नको म्हणालो म्हणून तू ऐकलंस. लहानपणी एक गोष्ट कधी ऐकायची नाहीस माझी. थंडीत टोपी घाल म्हटलं तर फेकून द्यायचीस. मला वाटलं, हीपण फेकून देशील."

"मग तसं बोलला का नाहीस?"

"ओरेस्टचं मीठ खाल्लंय ना. मला बोलता येत नव्हतं. तुला येत होतं."

तिनं त्याच्या हातावर कपाळ टेकलं. तिला वाटत होतं की तो तिला माफ करील, आणि त्यानं केलंही होतं, पण त्यामुळे तिच्या छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. मामा आणखी काही आठवडे जगला. बर्फ वितळू लागायच्या आधी, एका स्वच्छ सकाळी, मामी खिडकीचा पडदा सारत असताना तो गेला.

चर्चमध्ये शवपेटी दारातून आत नेताना कुणालाच वाकावं लागलं नाही, आणि हे बघून मामीनं हंबरडा फोडला. ओरेस्ट मागच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडत होता. बाहेर पडताना तो लेस्यापाशी थांबला.

"तुझ्यावर राग नाही माझा, पोरी."

"माझा आहे, काका," ती म्हणाली. "तुमच्यावर आणि माझ्यावर, दोघांवर." त्यानं मान डोलावली आणि टोपी न घालताच गाडीकडे गेला.

कंपनीचं काम फोन केला त्या दिवसापासून बंद होतं. खात्यानं सगळे कॅमेरे मोहरबंद करून नेले होते. शेडमध्ये कॅप्सूलच काय, तिचा डबाही उरला नव्हता. अंत्यविधी झाल्यावर खात्याचा टेट नावाचा तपासनीस आला, सडपातळ, कमी बोलणारा. त्यानं सगळ्या फिल्म तारीखवार लावल्या आणि आपल्या पट्टीनं मोजत गेला. लेस्याला धास्ती होती की त्याला दुसरी सावली दिसणारच नाही. ती त्याला दिसली. पहिल्याच फिल्मला दिसली.

"तुम्ही दुसरा कॅमेरा वापरत होता," तो म्हणाला. "नोंद नसलेला."

"नाही," दारात उभा असलेला ओरेस्ट म्हणाला. "देवाशपथ नाही."

टेटनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळपर्यंत तो मोजत राहिला. मग पडताळणीसाठी कोरी फिल्म हवी म्हणून त्यानं फडताळातली नवी पेटी मागितली. ती पेटी अंत्यविधीनंतर कुरिअरनं आली होती, लाइनीवर कधी गेलीच नव्हती. तिचं सील त्यानं स्वतः फोडलं, फिल्म स्वतः धुतली, आणि ओली फिल्म काचेवर धरून उभा राहिला.

ट्रेमधली अक्षरं तिच्यावर होती.

त्यानं आपला मीटर काढून सगळी खोली तपासली, भिंती, फडताळ, खुर्चीखाली, छत. मीटर गप्प होता. मग त्यानं पट्टी लावली, कागदावर आकडे मांडले, ते खोडून पुन्हा मांडले.

"हे जुळत नाही," तो म्हणाला. "आधीच्या सगळ्या फिल्मांत कॅप्सूल एकाच उंचीवर आहे. माणूस फार उंच होता."

"माझा मामा," लेस्या म्हणाली.

"या फिल्ममध्ये ती खाली आहे. हा माणूस तो नव्हे." त्यानं मोजायची टेप जमिनीला टेकवली, पातं वर ओढलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "कुणी तरी या खोलीत ती छातीशी धरून उभं होतं. हे वेगळं प्रकरण आहे, आणि ते कुणी कळवलेलं नाही. एवढ्या उंचीचं इथं कोण येतं?"

ओरेस्टनं दाराची चौकट धरली. 

लेस्या खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि टेपपाशी पाठ ताठ करून उभी राहिली. टेटचं बोट तिच्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणाशी आलं. त्यानं ते चटकन काढून घेतलं.



"हे तुम्हाला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"आत्ता."

त्यानं पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. तिनंच टेबलावरचा कोरा अर्ज त्याच्यापुढं सरकवला आणि त्याचं पेन उघडून हातात दिलं.

"मग आत्ताच लिहून घ्या," ती म्हणाली, आणि ज्याला किरण लागले त्या माणसाच्या रकान्यात भरण्यासाठी आपलं नाव सांगू लागली, आडनाव त्याला नीट लिहिता यावं म्हणून सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.